रेडीच्या दगडातील वळ्या: कठीण खडक न तुटता वाकतो कसा?

प्रश्न:
नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी येथे मला लोहखनिजाचा तळहाताएवढा तुकडा मिळाला. त्यात पोलादी करडे आणि तांबूस पट्टे एकाआड एक असून, तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचे हे पट्टे नागमोडी वळले आहेत. प्रत्येक पट्टा वळणावर जाड आणि बाजूंना बारीक आहे. हातोड्याच्या एका घावाने या दगडाच्या ठिकऱ्या उडतात. मग तो वाकला कसा?

प्रतिसाद:
वळणावरच्या जाडीची आपण नोंद घेतलीत, हे फार चांगले केलेत, कारण उत्तर तिथेच आहे. हे खडक २५० कोटी वर्षांहून जुने असून एके काळी खोल गाडले गेले होते. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे क्वार्ट्झचे, म्हणजे या पट्ट्यांतील सिलिकेचे (गारेचे), स्फटिक न तुटता आकार बदलू लागतात. चहूबाजूंच्या दाबामुळे भेगांना उघडायला वावच मिळत नाही. शिवाय हातोड्याचा घाव क्षणाचा असतो, तर पृथ्वीच्या कवचातील रेटा इतका संथ असतो की एक किलोमीटरचा थर ३०० मीटरने आखडायला दहा लाख वर्षे लागू शकतात. या अवधीत दाब जास्त असलेल्या बाजूंवरची सिलिका पाण्यात विरघळून वळणाकडे सरकते, म्हणून तिथे पट्टा जाडावतो.

दुसरा प्रतिसाद:
एक भर घालतो. पातळ आंबापोळी दोन्ही कडांनी आत रेटली की बारीक चुण्या पडतात, जाड पोळीची मात्र एकच रुंद कमान होते. मऊ थरांत अडकलेल्या कठीण थराचेही तसेच असते: जाडी जितकी अधिक, तितके अपनतीच्या (वर उचललेल्या वळीच्या) एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर अधिक. आपल्या तुकड्यात हे मोजून पाहावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. पनवेलकडे कातळाचे थर समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात, तेही अशाच रेट्याने का?

पहिले उत्तरदाते:
नाही, आणि ही गल्लत टाळायलाच हवी. तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचा कल पश्चिम किनारा ताणला जाऊन खचण्याशी जोडला जातो. तो कधी फार खोल गेला नाही, त्यामुळे तिथे थर वितळल्यासारखे वळलेले नाहीत. भेगा आणि प्रस्तरभंगांनी (खडक तुटून सरकल्याने) ते तुकड्यातुकड्याने कलले आहेत.

प्रश्नकर्ता:
समजले. आज भिंगाखाली तीन पट्ट्यांची जाडी आणि माथ्यांमधील अंतरे मोजून इथे लिहितो.