कॉन्फरन्सचे वेळापत्रक आणि कॉलेज फुटबॉलमधील परंपरागत लढती

धागाकर्ता:
अमेरिकेतील विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. त्यांपैकी सोळा विद्यापीठांच्या एसईसी या कॉन्फरन्सने 2026 पासून प्रत्येक संघाचे आपापसातले सामने आठवरून नऊ केले आहेत. त्यांपैकी तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी तेच राहतील आणि उरलेले सहा सामने आलटून पालटून होतील. अलाबामा–ऑबर्न, जॉर्जिया–ऑबर्न, टेक्सास–ओक्लाहोमा या जुन्या लढती त्यामुळे सुरक्षित राहिल्या, याचे मी मनापासून स्वागत करतो. असे संरक्षण प्रत्येक कॉन्फरन्सने कायमचा नियम म्हणून स्वीकारावे आणि प्रक्षेपणाच्या करारांपायी त्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांचे काय झाले ते पाहा. 1971 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ओक्लाहोमाच्या गावी, नॉर्मनमध्ये, देशातल्या पहिल्या दोन क्रमांकांचे हे संघ भिडले आणि नेब्रास्काने 35–31 असा विजय मिळवला. त्या सामन्याची आठवण लोक अजून काढतात. 1996 मध्ये या दोघांच्या बिग ट्वेल्व्ह या नव्या कॉन्फरन्सचा पहिला हंगाम सुरू झाला, दोघांना वेगवेगळ्या विभागांत टाकले गेले आणि दरवर्षीच्या लढतीत दोन-दोन वर्षांचे खंड पडू लागले. 2011 मध्ये नेब्रास्का बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले, तेव्हा ही लढत वाचवण्याइतका जोर कोणातच उरलेला नव्हता.

अटलांटाकर:
आपली तळमळ मी समजू शकतो, परंतु कायमच्या लढतींची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ऑबर्नला दरवर्षी अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांशी खेळावे लागणार आहे, तर त्याच तक्त्यात इतर काही संघांच्या वाट्याला बरेच सोपे प्रतिस्पर्धी आले आहेत. 2024 पासून राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये बारा संघ घेतले जातात आणि एखादा पराभवही निवड समितीपुढे महागात पडू शकतो, तेव्हा हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही. फ्लोरिडाशी दरवर्षी खेळावे लागते, अशी तक्रार एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) जुन्या पद्धतीत अनेकदा केली होती, आणि ती रास्त होती. शिवाय टेक्सास ए अँड एम 2012 मध्ये एसईसीत आल्यानंतर 2023 पर्यंतच्या बारा हंगामांत जॉर्जियाचा संघ एकदाही ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला, गेला नाही. याला एक कॉन्फरन्स तरी कसे म्हणावे?

खंड पडला की वैर संपते, हेही मला मान्य नाही. टेक्सास आणि ए अँड एम 2012 ते 2023 या काळात एकदाही खेळले नाहीत, तरीही ए अँड एमचे प्रेक्षक प्रत्येक सामन्यात एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डावी-उजवीकडे झुलत, टेक्सासचे चिन्ह असलेल्या बैलाची शिंगे कापून काढण्याचे आपले गीत गातच राहिले. 30 नोव्हेंबर 2024 रोजी सामना परतला, टेक्सासने तो 17–7 असा जिंकला, आणि त्या दिवशीचा आवेश पाहून मध्ये बारा वर्षे गेली होती असे कोणालाही वाटले नसते.

धागाकर्ता:
त्या बारा वर्षांत तिथे शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी ते गीत गायले, पण सामना पाहिला नाही; हे नुकसान भरून निघणारे नाही. जॉर्जियाच्या उदाहरणातला दोष एसईसीच्या तेव्हाच्या दोन विभागांच्या रचनेचा आणि आठच सामन्यांचा होता. तीन अधिक सहा या पद्धतीत दोन वर्षांत सर्वांशी गाठ पडते आणि चार वर्षांत प्रत्येक मैदानावर जाणे होते.

समतोलाच्या मुद्द्याबद्दल मला टेनेसीचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. 2007 ते 2021 अशी सलग पंधरा वर्षे अलाबामाने त्यांना हरवले, आणि न्याय्य वेळापत्रकाच्या नावाखाली ही लढत त्यांपैकी कोणत्याही वर्षी सहज वगळता आली असती. ऑक्टोबर 2022 मध्ये घरच्या मैदानावर, नॉक्सव्हिलला, अखेरच्या क्षणी फील्ड गोल मारून टेनेसीने 52–49 असा विजय मिळवला, तेव्हा प्रेक्षकांनी गोलपोस्ट उखडून थेट टेनेसी नदीत नेऊन टाकला. दरवर्षी हरत राहिल्यावाचून हा आनंद वाट्याला येत नाही.

एम्सकर:
आपण दोघेही सारा भार कॉन्फरन्सवर टाकत आहात. इथे आयोवात, आयोवा आणि आयोवा स्टेट वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये असूनही, 2020 चा अपवाद सोडल्यास, 1977 पासून दरवर्षी खेळतात. साउथ कॅरोलायनाने एसीसी ही कॉन्फरन्स सोडली 1971 मध्ये, तरी तिथेच राहिलेल्या क्लेमसनशी त्यांचा सामना बंद पडला नाही. उलट ओक्लाहोमा एसईसीत गेले आणि ओक्लाहोमा स्टेटबरोबरची लढत नोव्हेंबर 2023 नंतर थांबली. कोणत्याही नियमाने त्यांना अडवलेले नव्हते.

अटलांटाकर:
नियम आडवा आला नाही, पण हिशेब आला. हंगामात बारा सामने असतात, त्यांतले नऊ कॉन्फरन्सचे. उरलेल्या तिनांत घरच्या मैदानावरचा सामना सोडणे म्हणजे तिकिटांचे मोठे उत्पन्न सोडणे, आणि त्या पैशावर विद्यापीठातले इतर अनेक खेळ चालतात.

एम्सकर:
आयोवाही बिग टेनमध्ये नऊच सामने खेळते आणि तरीही एक वर्षाआड आयोवा स्टेटच्या गावी, एम्सला, येते. शिवाय एसईसीच्या नव्या नियमानुसार प्रत्येक संघाला दरवर्षी एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह यांतल्या एका तगड्या संघाशी किंवा नोट्र डेम या स्वतंत्र संघाशी खेळावेच लागणार आहे. ओक्लाहोमा स्टेट बिग ट्वेल्व्हमध्येच आहे. ती जागा ओक्लाहोमाने शेजाऱ्याला द्यावी, हे माजी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाला आजच लेखी कळवायला हवे, कारण असे करार अनेक वर्षे आधी होतात.