मिठाईच्या डब्याचे वजन आणि बहिष्काराचे आवाहन

सक्करदऱ्याचा ग्राहक
रविवारी आपल्या परिसराच्या गटावर एक आवाहन फिरले. मिठाईच्या एका दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यासकट वजन होत असल्याबद्दल एका वृद्ध ग्राहकाने विचारणा केली, तेव्हा मालकाने त्यांना अपमान करून बाहेर काढले. म्हणून 'त्या दुकानाची पायरी कोणीही चढू नये'. शंभराहून अधिक जणांनी होकार दिला, मात्र मालकाचे म्हणणे काय, हे एकानेही विचारले नाही. डबा मिठाईच्या भावाने विकणे हा गुन्हाच आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण त्यासाठी वजन-मापांवर देखरेख करणारे वैधमापन खाते आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे विनाशुल्क करता येते. हे मार्ग सोडून दुकान बुडवण्याची हाक देणे म्हणजे सुनावणीशिवाय शिक्षा देणे होय, आणि त्या शिक्षेला मुदतही नाही.

आवाहन लिहिणारी
ते आवाहन मी लिहिले, आणि ते वृद्ध ग्राहक माझे वडील आहेत. चाळीस वर्षे त्याच दुकानातून संत्रा बर्फी आणणाऱ्या माणसाला चार लोकांसमोर 'परवडत नसेल तर येऊ नका' असे ऐकवले गेले. त्या दिवसापासून ते संध्याकाळी फिरायलाही गेलेले नाहीत. पन्नास ग्रॅम पुठ्ठ्यासाठी अर्ज करायचा, सुट्या काढून तारखांना उभे राहायचे, हे रोजंदारीवरच्या ग्राहकाला जमते का? आपला पैसा कोठे द्यायचा नाही, हे ठरवणे एवढेच त्याच्या हाती असते. १९०५ साली बंगालात विलायती मालावर बहिष्कार सुरू झाला आणि १९११ साली बंगालची फाळणी रद्द झाली. असहकाराच्या ठरावावर डिसेंबर १९२० मध्ये याच नागपुरात शिक्कामोर्तब झाले. तो मार्ग तेव्हा न्याय्य होता, तर आज का नाही?

महालातील दुकानदाराची मुलगी
तेव्हा समोर साम्राज्य होते, ताई. येथे गल्ल्यावर बसलेला एक माणूस आहे. माझ्या वडिलांचे फरसाणाचे दुकान होते. ऐन दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या शहरातील एका घाणेरड्या भटारखान्याची चित्रफीत आमच्या दुकानाची म्हणून पसरवली गेली. तळलेला माल पडून राहिला आणि दोन कारागिरांना काढावे लागले. चूक कळल्यावर पसरवणाऱ्यांपैकी एकानेही दोन ओळींचा खुलासा लिहिला नाही. ज्या दोघांची मजुरी गेली, त्यांनी कोणते वजन चुकवले होते?

इंदोऱ्याचा वाचक
येथे 'बहिष्कार' हा शब्द ज्या सहजतेने वापरला जात आहे, तिचा मला त्रास होतो. १८८० साली आयर्लंडमधील कुळांनी एका जमीनदाराच्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले, त्यातून इंग्रजी शब्द आला. म्हणजे दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध केलेली ती कृती होती. आपल्याकडे मात्र बहिष्कार वरून खाली कोसळत आला. महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगावी आमच्या माणसांचे काम आणि धान्य तोडले गेले. बाबासाहेबांनी सभेला 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ च्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. पेढ्यांच्या भांडणाला तोच शब्द लावू नका.

आवाहन लिहिणारी
म्हणजे माझ्या वडिलांचा अपमान हे पेढ्यांचे भांडण? खरेदी थांबवणे आणि पाणवठा बंद करणे यांतला भेद मला शिकवण्याची आवश्यकता नाही.

इंदोऱ्याचा वाचक
तो शब्द मी मागे घेतो, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. परंतु भेद तुम्हीच पुसला आहे. आवाहनाच्या शेवटी 'त्याच्या घरच्या कार्यालाही कोणी जाऊ नये' असे वाक्य आहे. ते खरेदी थांबवणे नव्हे. माझ्या आजीला गावातल्या दुकानात पैसे पुढे करूनही मीठ मिळाले नव्हते. ती नागपूरला आली, ती त्यामुळेच. हे हत्यार कोणाच्या हाती आहे, एवढेच पाहून चालत नाही, ते कोठवर जाते हेही पाहावे लागते. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसने प्रवास केला नाही, पण त्यांच्या मागण्या बससेवेपुरत्याच होत्या, आणि न्यायालयातील लढाईही त्यांनी सोबतच लढवली.

सक्करदऱ्याचा ग्राहक
माझे म्हणणे याहून वेगळे नव्हते. बंगालातही महाग स्वदेशी कापडाची सक्ती गरीब शेतकऱ्यांवर झाली, हे ताईंनी गाळले.

आवाहन लिहिणारी
तुमचे म्हणणे वेगळेच होते. तुम्हाला बहिष्कारच नको होता. असो. कार्याचे वाक्य मी रागाच्या भरात लिहिले, ते काढले आहे. आता आवाहनात दोनच मागण्या आहेत: डबा वजा करून वजन करावे आणि वडिलांची क्षमा मागावी. दोन्ही झाल्या, की त्याच गटावर मीच ते मागे घेईन. कारागिरांचा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही, हे कबूल करते. वैधमापन खात्याकडे तक्रारही देत आहे. मागण्या मान्य होईपर्यंत मी तेथून काहीही घेणार नाही, आणि इतरांनीही घेऊ नये, असेच सांगेन.

सक्करदऱ्याचा ग्राहक
या स्वरूपात माझा विरोध उरत नाही. उद्या मी स्वतः दुकानात जाऊन मालकाला दोन्ही मागण्या वाचून दाखवतो. काट्यावर आधी रिकामा डबा ठेवून शून्य करतात की नाही, तेही पाहतो. तुमच्या वडिलांची इच्छा असेल तर त्यांना सोबत नेईन. सायंकाळी सहाला घरी येतो.