43 पाउंडांच्या रिकर्व्हसाठी हरणाला कोणतं ब्रॉडहेड?

लॅन्सिंगकर

मंडळी, इथे धनुष्याने शिकार करणारं कुणी आहे का? ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाला लावायचं कापणारं पातं, निवडायचंय. मी मिशिगनमध्ये लॅन्सिंगजवळ राहतो. ऑफिसातल्या मित्राच्या नादाने रेंजवर जायला लागलो आणि त्याच्या चाकं लावलेल्या कंपाउंड धनुष्यापेक्षा टोकं पुढे वळलेलं साधं रिकर्व्हच जास्त भावलं. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय. 1 ऑक्टोबरला आर्चरीचा सीझन उघडतो आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याने मक्याच्या कडेला झाडावर स्टँड (बसायचा मचाण) लावायची परवानगी दिली आहे. व्हाइटटेल हरणं तिथे रोज संध्याकाळी येतात.

धनुष्य 28 इंच ओढलं की 45 पाउंडांचं आहे, पण माझा ड्रॉ (दोरी ओढायची लांबी) 27 इंच, म्हणजे हातात 43च्या आसपास येत असणार. कार्बन बाण, 500 स्पाइन (दांड्याच्या ताठपणाचा आकडा), पिसं खरी. 125 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) फील्ड पॉइंटसकट, म्हणजे सरावाच्या साध्या टोकासकट, बाणाचं वजन 430 ग्रेन भरतं. 18 यार्डांपर्यंत नेम बरा आहे, त्यापुढे मी सोडणार नाही.

प्रश्न असा: मित्राने त्याच्याकडची उघडणारी, दोन इंच कापणारी मेकॅनिकल ब्रॉडहेड्स देऊ केलीत. दुकानदार म्हणतो तीन पात्यांचं घे. यूट्यूबवर जो तो सिंगल बेव्हल (एकाच अंगाने उतार घासलेलं पातं) आणि 200 ग्रेन म्हणतोय. डोकं भणभणलंय. काय घेऊ?

पेठकर

तिकडे जाऊन हेच करायचं राहिलं होतं का? आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. हरणं बघायला ताडोबाला या, कॅमेरा आणा.

लॅन्सिंगकर

पेठकर, ताडोबाला मीही कॅमेराच आणेन. इथे लांडगे मिशिगनच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या भागातून कधीच संपलेत आणि हरणं इतकी वाढलीत की गाड्यांशी त्यांच्या टकरीच वर्षाला 50 हजारांच्या वर होतात. किती मारायची ते राज्य ठरवतं, आणि मांस आम्ही खाणार आहोत. यावर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे भांडायला. इथे ब्रॉडहेडचं बोलू.

कानसवाला

अरे लॅन्सिंगकर, मी ग्रँड रॅपिड्सचा, म्हणजे तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर. आधी शिरोली एमआयडीसी, मग इथली टूलरूम, सगळा जन्म पोलाद घासण्यात गेला. त्यामुळे माझं मत थोडं एकांगी वाटेल. वाटू दे.

पहिलं काम, ती मेकॅनिकल मित्राला परत कर. वाईट नाहीत, तुझ्या धनुष्याची नाहीत. तुझा 430 ग्रेनचा बाण सेकंदाला 165 फुटांच्या आसपास जात असेल. हिशोब केलास तर ऊर्जा 26 फूट-पाउंड येते. मित्राच्या कंपाउंडची याच्या अडीचपट सहज असेल. मेकॅनिकलची पाती कातड्यावर आपटून उघडतात, म्हणजे घुसण्याआधीच खर्च सुरू. वर दोन इंचांची जखम कापत जायची. त्याला परवडतं, तुला नाही. तिरक्या अंगाला लागलं तर घसरण्याचाही धोका.

म्हणजे तुला पक्क्या पात्याचं आणि टोकापासूनच कापणारं हवं. काहींचं टोक छिन्नीसारखं असतं आणि पाती मागून सुरू होतात, ती नकोत. इथल्या नियमाने रुंदी किमान 7/8 इंच लागते. बाजारातली बहुतेक त्याहून रुंद असतात, पण फार अरुंद काही मागवण्याआधी मापून घे.

आता दोन पाती की तीन. याचं उत्तर कोनात आहे, जाहिरातीत नाही. तीन पात्यांचं ब्रॉडहेड धारवायचं तर दोन पाती एकदम कानशीवर सपाट टेकवून ओढतात. सोपं आहे, नवशिक्यालाही जमतं. पण त्या पद्धतीने धारेचा कोन 60 अंशांचा होतो, भूमितीच तशी आहे. दोन पात्यांच्या ब्रॉडहेडला तू 40 ते 50 अंश ठेवू शकतोस, सिंगल बेव्हलला 25 ते 30. जितका बोथट कोन आणि जितकी जास्त पाती, तितकं बाणाला ढकलावं लागणार. 55-60 पाउंड ओढणाऱ्याने तीन पाती खुशाल वापरावीत. 43ला मी दोनच म्हणेन.

आकारही बघ. लांबट, उताराचं पातं घे. आजीची विळी आठव, भोपळा तिच्यावर दाबत नाहीत, सरकवतात. आखूड-रुंद पातं दाबतं, लांबट पातं सरकतं. डॉ. एड अ‍ॅशबींनी 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या. रुंदीच्या तिप्पट लांबीचं पातं चांगलं घुसतं हा आग्रह त्यांचाच. सिंगल बेव्हल आणि 650 ग्रेनचा बाणही त्यांच्याकडूनच आला. फक्त एक लक्षात ठेव, 650चा आकडा जाड हाडं फोडण्यासाठी आहे. व्हाइटटेलच्या बरगडीला त्याची गरज नाही. 43 पाउंडांवरून 650 ग्रेन सोडलास तर 18 यार्डांत बाण चांगलाच खाली पडेल आणि तुझा जमलेला नेम बिघडेल.

सिंगल बेव्हल घ्यायचंच असेल तर पिसं बघून घे. उजव्या पंखाच्या पिसांना उजवा बेव्हल, डाव्याला डावा. उलटं झालं तर पिसं एकीकडे फिरवणार आणि पातं दुसरीकडे.

माझ्या भात्यात अनेक वर्षं झ्विकी एस्किमो आहे. दोन पाती, पोलाद कानशीला लागेल इतपत मऊ. मॅग्नस, ग्रिझली, व्हीपीए हीसुद्धा चांगली आहेत. धनुष्य-बाण बनवणाऱ्या फ्रेड बेअरचं जुनं रेझरहेड कुठे अंगणविक्रीत मिळालं तर सोडू नकोस. त्याचा कारखाना 1978 पर्यंत आपल्याच ग्रेलिंगला होता.

पण खरं सांगू का, नावाने फार फरक पडत नाही. *तुला धार लावता येईल* तेच पातं घे. खोक्यातून निघालेलं पातं धारदार असतं हा गैरसमज आहे. काही असतात, बरीच नसतात. दुकानातला माणूस अंगठा फिरवून 'शार्प आहे' म्हणतो, त्याला काही अर्थ नाही.

धार अशी लावायची. पात्याच्या उतारावर काळा मार्कर फिरव. आठ इंची मिल कानस घे, स्वच्छ, तेल न लागलेली. पातं एखाद्या जुन्या बाणाच्या तुकड्यावर बसव म्हणजे पकडायला दांडा मिळतो. मागून टोकाकडे एकाच दिशेने ओढायचं, मागे-पुढे घासायचं नाही. चार ओढींनंतर थांबून बघ. काळं नुसतं खांद्याशी, म्हणजे उताराच्या वरच्या बाजूला, गेलंय आणि कडेला राहिलंय, तर तू अजून धारेपर्यंत पोचलाच नाहीस, कोन थोडा उचल. काळं पूर्ण गेलं की दुसऱ्या अंगाला नखाने बर (घासून पलीकडे वळलेली बारीक कड) लागते का ते चाचप. टाचेपासून टोकापर्यंत अखंड बर लागली पाहिजे. बहुतेक लोक टोकाकडचा शेवटचा पाव इंच सोडतात आणि कातड्याला सगळ्यात आधी तोच भिडतो. अखंड बर आली की बाजू बदल, मग हलक्या हाताने आळीपाळीने, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर.

परीक्षा रबरबँडची. दोन बोटांत सैलसर धर आणि पातं नुसतं टेकवून सरकव. तुटला तर ठीक. दाबावं लागलं तर परत कानस. कारण आतल्या शिरा आणि फुप्फुस असेच सैल असतात. बोथट पातं त्यांना बाजूला सारून पुढे निघून जातं. मग हरीण रात्रभर चालत राहतं.

हिलकंट्री

कानसवाल्या काकांचं बहुतेक पटलं, पण तीन पात्यांना इतकं खाली ओढू नका. मी टेक्सासमध्ये, केरव्हिलच्या बाजूला असते. आमच्याकडे चितळ मिळतात! आपलेच ठिपकेवाले, 1932 मध्ये इथे आणून सोडले, आता माळभर झालेत. परदेशी प्राणी म्हणून त्यांना बंद हंगाम नाही, लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. माझं धनुष्य 47 पाउंडांचं, बाण 540 ग्रेनचा, पुढे वूड्समन, म्हणजे लांबट तीन पाती. बरगड्यांतून आरपार जातं. आणि तीन पात्यांचं भोक मिटत नाही, रक्ताचा माग दिसतो. दोन पात्यांची चीर कातडं सरकलं की बंद होते. आमच्या झुडपांत माग नसेल तर जनावर गेलंच समजा.

आणखी एक, आवाज. चितळ दोरीच्या आवाजावर असं खाली बसतं की बाण पाठीवरून जातो. 18 यार्ड म्हणजे 54 फूट. तुमच्या बाणाला एक तृतीयांश सेकंद लागतो, आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचलेला असतो. व्हाइटटेलही हेच करतं. पात्यांना खिडक्या असलेली काही ब्रॉडहेड्स हवेत शिटी मारतात, ती टाळा. बाण थोडा जड केलात तर धनुष्यही गप्प होतं.

कानसवाला

ताई, 540 ग्रेन आणि 47 पाउंड असले तर माझं काही म्हणणं नाही. दोन पात्यांची चीर मिटते हेही खरं. पण याच्या बाणाने आधी पलीकडून बाहेर पडायला हवं. स्टँडवरून बाण वरून खाली जातो, म्हणजे रक्त खालच्या भोकातून येतं. अडकलेल्या बाणाची जखम कितीही रुंद असली तरी वरचंच भोक, आणि रक्त छातीत साठत राहतं. तीन-चार पाती हवीच असतील तर मुख्य दोन आणि मध्ये छोटी आडवी, असा मधला मार्ग आहे. मॅग्नस स्टिंगर तसं मिळतं.

लॅन्सिंगकर

काका, ताई, खूप आभार. म्हणजे दोन पाती, लांबट, धार स्वतः लावायची. वजनाचं काय? 125च ठेवू की वाढवू? आणि नेम नेमका कुठे धरायचा? रेंजवर सगळे 'खांद्याच्या मागे' एवढंच सांगतात.

कानसवाला

आत्ता पाउंडामागे 10 ग्रेन पडतात, तेवढ्यावर काम होतं. 175 केलंस तर 480 होईल, 11च्या वर. मी तसं करेन. पण पुढे वजन वाढलं की शाफ्ट (बाणाचा दांडा) जास्त लवतो, 500 स्पाइन मऊ पडू शकतो. म्हणून आधी 175चे फील्ड पॉइंट आण, एका बाणाची पिसं काढून टाक आणि 15 यार्डांवरून पिसांच्या बाणाबरोबर सोड. उजव्या हाताचा असशील तर बिनपिसाचा बाण उजवीकडे गेला म्हणजे शाफ्ट मऊ, डावीकडे गेला म्हणजे ताठ. मऊ निघाला तर पाव-पाव इंच कापत ये. एकदम इंचभर कापू नकोस, परत जोडता येत नाही. दोन्ही शेजारी बसले की मगच ब्रॉडहेड लाव. एक पातं सरावाचं म्हणून बाजूला ठेव, फोमच्या ठोकळ्यात मार, पिशवीच्या टार्गेटमध्ये नाही, फाडून टाकेल. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटपासून दूर जात असेल तर दोष पात्याचा नसतो, बाण तिरका उडतोय.

बसवलेलं पातं सरळ आहे का तेही बघ. टोक लाकडावर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरव. सांध्यापाशी थरथरला तर चिकटवताना वाकडं बसलंय. हॉट मेल्टचं (गरम करून लावायच्या गोंदाचं) असेल तर पकडीने धरून *पातं* तापव, कार्बनला आच लावू नकोस, बाणाच्या पोटातलं इन्सर्ट (टोक ज्यात बसतं तो तुकडा) सुटतं.

नेमाचं. हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पुढे तोंड करून दूर जाणारं, एवढेच दोन कोन. तोंड तुझ्याकडे असेल तर कितीही जवळ असलं तरी सोडायचं नाही. आडव्याला पुढच्या पायाच्या लगेच मागे, पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. दूर जाणाऱ्याला *पलीकडच्या* पुढच्या पायाचा विचार कर, बाण तिथून बाहेर पडला पाहिजे, मग अलीकडची जागा आपोआप मागे सरकते.

बाण गेला की बसून राहा. अर्ध्या तासाने खाली उतर आणि आधी बाण शोध. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच पडलेलं असेल. गडद तांबडं म्हणजे यकृत, काही तास थांब. हिरवट घाण आणि वास असेल तर घरी जा, आठ-दहा तासांनी ये. पाऊस येणार असेल तर वेगळं, तेव्हा जाणत्या माणसाला फोन कर, मला केलास तरी चालेल, संपर्कातून निरोप टाक.

भात्याचं राहिलंच. पाती एकमेकांना लागणार नाहीत आणि वर टोपण असेल असा घे. फोममध्ये रोज खुपसत राहिलास की धार जाते, म्हणून सकाळी निघताना चामड्यावर दोन हात मार. गंजू नये म्हणून व्हॅसलीनचं बोट फिरव. चढताना धनुष्य आणि भाता खालीच ठेव, वर बसून हार्नेस झाडाला अडकवलास की दोरीने ओढून घे.