खात्यात पैसे असूनही हप्ता बाउन्स, तक्रार परस्पर ‘निकाली’. आता पुढे?

कोरा_कागद

कर्ज एका बँकेचं, पगार दुसऱ्या बँकेत, हप्ता नॅचने, म्हणजे मी आधी दिलेल्या परवानगीनुसार (मँडेट) खात्यातून आपोआप, कापला जातो. ठरलेल्या तारखेला खात्यात पुरेशी रक्कम होती, तरी हप्ता बाउन्स झाला. त्याच महिन्यात मँडेट पुन्हा पुन्हा लावलं गेलं आणि दर खेपेला दोन्हीकडून दंड. पुढचा हप्ता मी हाताने भरला, तर त्यातून आधी दंड वळता करून घेतला आणि हप्ता अपुरा राहिला. आता क्रेडिट रिपोर्टवर थकबाकी दिसते. कस्टमर केअरला फोन केला की ‘तक्रार निकाली काढली’ एवढाच एसएमएस येतो.

क्रेडिट कार्डाचीही थकबाकी आहे, ती खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्यात मन इतकं खचलंय की बँकेचा मेल उघडवत नाही, झोप नीट लागत नाही. दंड भरून विषय संपवावा असं वाटतं. तक्रार लावून धरण्यात अर्थ आहे का? असल्यास या अवस्थेत ती धरायची कशी?

---

खतावणी

अर्थ आहे. पण खरं देणं आणि वादातलं देणं आधी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. कार्डाची थकबाकी आणि पुढचे हप्ते एकीकडे. बाउन्सचे दंड आणि त्यामुळे अपुरा राहिलेला हप्ता दुसरीकडे. डोक्यात हे एकत्र राहिलं की सगळाच डोंगर वाटतो. वादातली रक्कम सहसा एकूण देण्याच्या मानाने लहान निघते.

आता मुद्द्याचं. हप्ता परत का गेला हे कळल्याशिवाय तक्रार कोणत्या बँकेविरुद्ध करायची हेच ठरत नाही. नॅचमध्ये कर्ज देणारी बँक मागणी पाठवते आणि तुमचं खातं असलेली बँक ती मान्य करते किंवा परत धाडते. परत धाडताना कारण द्यावं लागतं: शिल्लक अपुरी, मँडेट मिळालेलं नाही, खातेदाराने थांबवलं, खातं गोठवलेलं, वगैरे. म्हणून पगाराच्या बँकेला एकच ओळ लिहा: ‘अमुक तारखेची, अमुक यूएमआरएनची मागणी कोणत्या कारणाने परत केली ते लेखी कळवा.’ यूएमआरएन म्हणजे मँडेटचा वीस अक्षरांचा क्रमांक. नेट बँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत सापडतो, नाहीतर कर्ज देणाऱ्या बँकेकडून मागून घ्या.

त्याच वेळी त्या दिवसाचं स्टेटमेंट शिल्लकेच्या रकान्यासह काढा. बहुतेक घोळ इथेच असतो. पैसे त्या दिवशी होते, पण दुपारी जमा झाले आणि मागणी त्याआधीच येऊन परत गेली. किंवा खात्यावर लियन होतं, म्हणजे दिसणारी शिल्लक वेगळी आणि वापरता येणारी वेगळी. असं निघालं तर पहिल्या बाउन्सची तुमची बाजू लंगडी आहे. हे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडून (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. मग भांडण पहिल्या बाउन्सवर न करता पुढे वारंवार लावलेल्या दंडावर करायचं.

कर्ज देणाऱ्या बँकेकडून मागायचा कागद म्हणजे कर्जखात्याचा पूर्ण उतारा. हप्त्यांचं वेळापत्रक नव्हे. बरेच जण तेच जोडतात आणि त्यात दंडाची एकही नोंद नसते. सोबत मंजुरीपत्रातलं शुल्काचं पान. १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं नवं किरकोळ कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरण (कर्जाचे दर आणि शुल्कं एकत्र देणारा कागद) मिळालेलं असायला हवं. त्यात नमूद नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

‘दंड भरून टाकू का’ याबद्दल. समजा हप्ता ८,००० आणि दंड १,२००. तुम्ही ८,००० भरलेत, आधी १,२०० दंडात गेले, हप्त्यापोटी ६,८०० उरले. आता हप्त्यातले १,२०० थकीत आणि त्या एवढ्याशा रकमेवर थकबाकीचे दिवस मोजले जातात. ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ या इशाऱ्याच्या पायऱ्या, त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. म्हणून झेपत असेल तर ती रक्कम भरा, मात्र त्याच दिवशी मेल करा: ‘ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे, तक्रार कायम आहे.’ दंड परत मिळू शकतो. वाढत गेलेले दिवस पुसून घेणं त्याहून अवघड. आणि तक्रार केली म्हणून चालू हप्ता अडवून धरू नका. बँकेला तेच आयतं उत्तर मिळतं.

---

पोचपावती

फोनवरची तक्रार जवळजवळ निरुपयोगी, असं धरून चाला. लोकपालाकडे जायचं तर बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते. मेल किंवा बँकेच्या पोर्टलवरची तक्रार लेखीच धरली जाते. मेल एवढाच पुरे:

‘कर्ज खाते क्र. … दि. … रोजी पगार खात्यात रु. … शिल्लक असताना हप्ता परत गेला (त्या खात्याचा उतारा जोडला आहे). त्यानंतर दि. …, … रोजी एकूण रु. … दंड लावला. मागणी: १) दंडाची रक्कम परत करावी. २) दि. … चा भरणा हप्त्यापोटी धरून उतारा दुरुस्त करावा. ३) क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या कंपन्यांना (सिबिल वगैरे) दुरुस्त माहिती पाठवावी. तक्रार क्रमांक कळवावा.’

मनस्ताप, वर्षानुवर्षांची निष्ठा, शाखेतल्या माणसाचं बोलणं, हे यात नको. ते खोटं असतं म्हणून नव्हे. तक्रार वाचणारा त्यातलंच एखादं वाक्य पकडून ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणतो आणि तक्रार बंद करतो. क्रमांक घातलेल्या मागण्या असल्या की कोणत्या मागणीचं उत्तर दिलं नाही ते उघड दिसतं.

नंतर स्मरणपत्र पाठवताना नवी तक्रार उघडू नका. नव्या क्रमांकासोबत बँक दिवसही नव्याने मोजू लागते. जुन्याच मेलवर, जुन्याच क्रमांकाचा हवाला देऊन उत्तर द्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली (१२ नोव्हेंबर २०२१ पासून) जाता येतं. लोकांच्या लक्षात येत नाही ते असं: लेखी तक्रारीवर ‘निकाली’ असा निरोप आला, तर तेच बँकेचं उत्तर. मग उरलेले दिवस थांबायची गरज नाही. एसएमएसचा स्क्रीनशॉट जोडा आणि जा. त्यासाठी योजनेत मुदत ठरलेली असते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करायची, शुल्क शून्य. पोर्टल जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक सुरुवातीलाच आणि कारणं ठरलेली असतात: बँकेला केलेल्या तक्रारीची प्रत जोडली नाही, बँकेचं उत्तर नसताना ३० दिवस व्हायच्या आत आलात, तोच विषय कोर्टात चालू आहे, किंवा वकिलामार्फत दाखल केली. कच्ची म्हणून परत आलेली तक्रार नीट करून पुन्हा देता येते, तेव्हा ‘बंद’ हा शब्द दिसला म्हणून हाय खाऊ नका.

दोन्ही बँका एकमेकींकडे बोट दाखवत असतील तर दोघींविरुद्ध वेगवेगळ्या तक्रारी करा आणि एकीच्या तक्रारीला दुसरीचं उत्तर जोडा. फॉर्ममध्ये भरपाईचा रकाना असतो. वेळ, खर्च आणि मनस्तापापोटीही भरपाईची तरतूद आहे, पण दंड हजार-दोन हजारांचा असताना तिथे लाख लिहिणं म्हणजे स्वतःच्या तक्रारीचं वजन स्वतःच घालवणं.

---

दंडशास्त्री

वरच्यात दोन गोष्टींची भर. एक, उताऱ्यात ‘दंडव्याज’ आहे की ‘दंडात्मक शुल्क’ ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, जुन्यांनाही त्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत लागू व्हायचं होतं. अशा दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, हेही डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर स्पष्ट झालंय. लावला असेल तर मागण्यांत चौथा क्रमांक वाढवा.

दोन, क्रेडिट रिपोर्टची हरकत वेगळी नोंदवा, बँकेच्या उत्तरासाठी थांबू नका. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. हरकतीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. भरपाईसाठी बँक खात्याचा तपशील देऊन ठेवा.

---

अर्धविराम

कागदाचं वर सगळं आलंय, मी न उघडणाऱ्या मेलबद्दल लिहिते.

कर्ज आणि उदासी एकत्र आली की टाळाटाळ वाढते, आणि टाळलेल्या प्रत्येक गोष्टीवर दंड बसतो. हा आळस नव्हे, पण बँकेच्या तारखांना त्याचं सोयरसुतक नसतं. म्हणून ज्या दिवशी त्राण नसेल त्या दिवशीही होईल एवढंच काम ठेवायचं. आठवड्यातून एकच ठरलेली वेळ, वीस-पंचवीस मिनिटं, शक्यतो सकाळी. रात्री बँकेचे मेल उघडू नका. रात्री करता येण्यासारखं काही नसतं, फक्त झोप जाते. बँकेचे मेल आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करा. ब्लॉक मात्र करू नका, एखादी नोटीस निसटली तर महागात पडतं.

त्या वेळात एक पान भरायचं: तारीख, कुणाला काय पाठवलं, उत्तर काय, पुढची तारीख. पुढची तारीख लिहिली की वही मिटायची. एखाद्या आठवड्यात ‘वाट पाहणे, अमुक तारखेपर्यंत’ एवढीच नोंद असेल. तेही काम झालंच.

मेल उघडवतच नसेल तर विश्वासातल्या कुणाला समोर बसवून वाचायला लावा. त्यांनी फक्त तीन गोष्टी सांगायच्या: काय मागितलंय, कधीपर्यंत, किती रक्कम. पासवर्ड आणि ओटीपी मात्र त्यांनाही नाही. लोकपालाकडची तक्रारही वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत करता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

वसुलीचे फोन. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर ते करता येत नाहीत; नातेवाइकांना, मित्रांना त्रास देता येत नाही. एजंट बँकेने नेमलेला असला तरी जबाबदारी बँकेचीच. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या निर्देशांत असंही आहे की कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना बँकेने ते प्रकरण वसुली एजंटकडे देऊ नये. तक्रार निव्वळ त्रास द्यायला केली आहे अशी तिची खात्री असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोनवर एकच वाक्य: ‘तक्रार क्रमांक अमुक प्रलंबित आहे, जे काही आहे ते लेखी पाठवा.’ वाद घालू नका, ‘या शुक्रवारी भरतो’ असं तोंडी वचनही देऊ नका. ‘पोलीस पाठवतो’ म्हणाले तर लक्षात असू द्या की हप्ता थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. चेक किंवा नॅच शिल्लक नसल्याने परत जाण्याचा कायदा वेगळा आहे, त्याची नोटीस आली तर मात्र मुदतीत उत्तर द्यावं लागतं.

आणि झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता. टेली-मानस १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. एक थेट विचारते, राग मानू नका: जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का? येत असतील तर आज बँक राहू द्या. आधी त्या क्रमांकावर किंवा जवळच्या माणसाशी बोला, आणि रात्री एकटे राहू नका.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. तसे विचार नाहीत, पण १४४१६ लिहून ठेवलाय. पगाराच्या बँकेला कारण विचारणारी ओळ पाठवली आहे. एक शंका: सोशल मीडियावर बँकेला टॅग केलं तर लवकर हलतात म्हणे?

---

पोचपावती

कधीकधी हलतात. पण खाते क्रमांक, मोबाइल, तक्रार क्रमांक यांतलं काहीही उघड लिहू नका. अशा पोस्टखाली बँकेच्या नावाची खोटी खाती ताबडतोब उगवतात आणि ‘दंड परत करण्यासाठी’ लिंक किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप पाठवतात. लोकपालाकडून काम करून देतो म्हणून पैसे मागणारेही त्याच जातीचे. टॅग केलं तरी लेखी तक्रार हवीच, ३० दिवस तिच्याच तारखेपासून.

---

खतावणी

कार्डाबद्दल राहिलं. ‘तडजोड करा, निम्म्यात मिटवू’ असा फोन आला तर पत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. पत्रात रक्कम, शेवटची तारीख आणि उरलेली बाकी माफ केल्याचं वाक्य असलं पाहिजे. क्रेडिट रिपोर्टवर मग ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद पडते आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. त्यामुळे तडजोडीआधी उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून मिळतात का ते लेखी विचारा. आणि ज्या कर्जाच्या दंडावर तुम्ही भांडताय, त्या कर्जाला तडजोड अजिबात नको.