मिशिगनचा २००७ चा सीझन

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये खालच्या गटातल्या ॲपलाचियन स्टेटकडून हरले तिथेच मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा सीझन संपला, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. ३४-३२ ची ती हार जिव्हारी लागणारीच होती. मिशिगन म्हणजे देशात पाचव्या क्रमांकाचा संघ, घरचं मैदान, लाखावर प्रेक्षक. शेवटच्या क्षणी फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारून गुण मिळवणं) मारायला गेले आणि ॲपलाचियनच्या कोरी लिंचने तो अडवून चेंडू घेऊन धूम ठोकली. पुढच्याच आठवड्यात ओरेगनने ३९-७ असं धुतलं.

पण त्यानंतरचे सलग आठ विजय का विसरायचे? मिशिगन स्टेटविरुद्ध १४-२४ असे मागे असताना २८-२४ ने सामना खेचून आणला होता!

माझ्या मते खरी जखम कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटकडून झालेल्या हारेची. १४-३. मिशिगनचे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) चॅड हेनी आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) माइक हार्ट चार वर्षं खेळले, पण या वैऱ्याला एकदाही हरवू शकले नाहीत. याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी १ जानेवारी २००८ ला स्टार क्वार्टरबॅक टिम टीबोच्या फ्लोरिडा संघाला ४१-३५ ने हरवून पोरांनी निवृत्त होणारे प्रशिक्षक लॉइड कार यांना खांद्यावर उचललं.