लोअर आर्मचे बोल्ट घरी आवळायचेत, गाडी जॅकवर असताना की खाली उतरवून?

खानापूरकर: नमस्कार मंडळी. जांबोटी-चोर्ला रस्त्याने गोव्याला सारखं जाणं असतं. पुढच्या लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बुश (सांध्यातले रबरी तुकडे) गेले म्हणून एका गॅरेजात बदलून घेतले, तर वर्षाच्या आत रबर परत फाटलं. आता दोन्ही आर्म नवीन आणलेत आणि घरीच बसवणार आहे. मित्राच्या टॉर्क पान्ह्यावर (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आकडे किलो-मीटरमध्ये (kgf-m, अंतराचे नव्हे) आहेत, मॅन्युअलात न्यूटन-मीटर. हिशेब कसा करायचा? आणि पावसात सगळंच गंजतं, तर आट्यांना ऑइल लावू का?

उद्यमबाग फिटर: हिशेब सोपा आहे. 1 किलो-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर. मॅन्युअलात 98 असेल तर पान्हा 10 वर लावा. आकडा मात्र तुमच्याच मॉडेलचा बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही.

पण दादा, तुमचं रबर फाटलं ते बहुतेक टॉर्क कमीजास्त झाल्यामुळे नव्हे. जुना बुश हातात घेऊन बघा. आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटच्या दोन कानांत गच्च धरली जाते. ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा फक्त मधलं रबर पिळतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराला तीच जागा कायमची होते. मग गाडी खाली उतरवली की नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहणार, त्यात चोर्ल्याचे खड्डे. नळीच्या कडेपासून चीर गेलेली दिसली तर बहुतेक हेच झालंय असं समजा. कितीतरी ठिकाणी घाईत गाडी वर असतानाच सगळं आवळून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. चांगला माल फुकट जातो.

म्हणून वर असताना बोल्ट नुसते टेकेपर्यंत घ्या. चाकं लावा, दोन्ही पुढच्या चाकांखाली जाड फळ्या ठेवून गाडी तिच्या वजनावर बसवा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. गाडी पुढून जरा दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या उंचीला येते. मग शेवटचा टॉर्क द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, कधीच नाही.

ऑइल लावू नका. आट्या बुळबुळीत झाल्या की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. तारेच्या ब्रशने साफ करून कोरड्या ठेवा. गंजाची काळजी असेल तर आवळून झाल्यावर बाहेरून ग्रीसचा हात फिरवा. नायलॉनवाले नट नवीनच घ्या.

खानापूरकर: आता कळलं. गॅरेजात मी समोरच उभा होतो, गाडी वर असतानाच आवळले होते. पान्ह्याला पाइप लावला तर चालेल का? खाली जागा कमी आहे.

निपाणीचा: क्लिकवाल्या पान्ह्याला पाइप नको. मुठीच्या मधोमध धरूनच सावकाश ओढायचा, एकदा 'टक्' झालं की थांबायचं. परत 'टक्' करायला गेलात की टॉर्क वाढतो. बॉल जॉइंटला (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असेल, तर टॉर्क दिल्यावर भोक जुळलं नाही म्हणून नट सैल करू नका, थोडा पुढेच न्या. पिन नवीन.

उद्यमबाग फिटर: बरोबर. आणि सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. 50-100 किलोमीटर चालल्यावर बोल्ट त्याच टॉर्कला एकदा तपासा, तेही गाडी चाकांवर उभी असतानाच.