मदत हवी आहे: अ‍ॅडम स्मिथ नक्की कुठल्या बाजूचा?

मंडळी, एमएच्या सेमिनारसाठी अठराव्या शतकातला स्कॉटिश अर्थतज्ज्ञ स्मिथ वाचतेय आणि पार गोंधळ उडालाय. १७७६ च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकात म्हणतो की खाटीक, बेकरीवाला आपल्याला खायला देतात ते दयेपोटी नाही तर स्वतःच्या फायद्यासाठी, ठीके, पटतं. पण हाच माणूस ग्लासगोत नीतिशास्त्र शिकवायचा आणि त्याच्या १७५९ च्या 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' या नीतीवरच्या पुस्तकाची सुरुवातच अशी, की माणूस कितीही स्वार्थी असला तरी दुसऱ्याच्या सुखात त्याला रस असतोच! बरं नंतर मत बदललं म्हणावं, तर १७९० मध्ये, म्हणजे गेला त्याच वर्षी, तेच जुनं पुस्तक वाढवून परत काढलं आणि श्रीमंतांचं फार कौतुक केल्याने नीती बिघडते हे त्यात घातलं. आमचे सर 'अदृश्य हात' (म्हणजे प्रत्येकाने स्वतःचा फायदा पाहिला तरी नकळत समाजाचं भलं होतं) म्हणून मोकळे होतात. दोन्ही एकत्र बसवायचं कसं? कुणी सोप्या भाषेतलं काही सुचवेल का, प्लीज?